बीट उकळून कापड रंगत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फाल्गुन लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवर ‘घरच्या घरी नैसर्गिक रंग’ सुरू होतात. किसलेल्या बिटाचा लाल, पालकाचा हिरवा, जास्वंदीचा जांभळा. रंगपंचमीला अंगावर उडवायला हे रंग झकास, कारण ते संध्याकाळच्या आंघोळीत निघून जातात. घोटाळा त्यापुढे होतो. हीच कृती कला महाविद्यालयातल्या मुलांच्या प्रकल्पवहीत जशीच्या तशी उतरते, तिच्या शेपटाला ‘रंग पक्का करण्यासाठी मीठ व व्हिनेगर’ ही ओळ लागते आणि वर्षअखेरीच्या प्रदर्शनात फिकट गुलाबी चिंध्यांची रांग टांगली जाते. पुढच्या वर्षी त्या चिंध्या पांढऱ्या झालेल्या असतात. मग मूल म्हणते, नैसर्गिक रंग टिकतच नाहीत. मुळात त्याने कापड रंगवलेलेच नसते, नुसते डागाळलेले असते.

बिटाचा रंग पाण्यात सहज विरघळतो, उकळीने मोडतो आणि सुताला धरून राहत नाही. जास्वंद आणि गोकर्ण यांचा रंग लिंबू पिळले की लालसर होतो, सोडा टाकला की हिरवट-निळा होतो. काचेच्या पेल्यात ही गंमत दाखवायला छान आहे, पण कापडावर उन्हात ती चार दिवसही पुरत नाही. पालकाचा हिरवा तर पाण्यात धड उतरतच नाही. मिठाचे म्हणाल, तर काही कृत्रिम रंगांना सुतावर बसायला मीठ मदत करते, आणि व्हिनेगरचा उपयोग लोकर-रेशमावरच्या आम्ल रंगांना होतो. तिथून ही जोडी उचलून नैसर्गिक रंगांच्या गळ्यात बांधलेली दिसते. सुती कापडावर वनस्पतीचा रंग बसवायला या दोन्हींचा काडीचाही उपयोग नाही.

ज्यांचा हा पिढीजात धंदा होता, त्या निराळी, भावसार, रंगारी मंडळींच्या सामानात बीट नव्हते. त्यांच्याकडे हिरडा, तुरटी, आल (बारतोंडीची मुळे), मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळे), डाळिंबाची साल, कात, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि नीळ होती. यातले बहुतेक सामान आजही काष्ठौषधींच्या दुकानात किलोच्या भावाने मिळते. विद्यार्थ्याने सुरुवात तिथून करावी आणि पहिल्यांदा एक गोष्ट विकत घ्यावी: एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. नैसर्गिक रंगाईत सगळी मापे कोरड्या कापडाच्या वजनावर चालतात. ‘एक वाटी साल, दोन खडे तुरटी’ अशी वही लिहिली, तर तोच रंग पुन्हा कधी काढता येणार नाही, आणि जो पुन्हा काढता येत नाही त्याला प्रयोग कशाला म्हणायचे? खालची मापे १०० ग्रॅम सुती कापडासाठी आहेत.

सर्वांत जास्त चुका रंग हातात घेण्यापूर्वीच होऊन जातात. नव्या मांजरपाटाला किंवा खादीला खळ असते, शिवाय कापसाचे स्वतःचे मेण असते. नुसत्या साबणाने दोनदा धुऊन ते जात नाही. तीन-चार लिटर पाण्यात दोन-तीन ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चिमूटभर सौम्य साबण घालून कापड तास-दीड तास मंद उकळावे. पाणी चहासारखे होते. तेवढे मळके पाणी ‘स्वच्छ’ कापडातून निघालेले पाहिले की पटते. खंगाळून वाळवल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच जिरला पाहिजे. मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळावे. ही परीक्षा न घेता पुढे गेलेल्या कापडावर नकाशासारखे पट्टे उठतात, आणि त्यांना नंतर ‘टेक्स्चर’ असे गोंडस नाव मिळते.

यानंतर हिरडा. सूत तुरटीला आपणहून फारसे धरत नाही. दोघांमध्ये टॅनिनचा, म्हणजे हिरड्यातल्या तुरट द्रव्याचा, दुवा लागतो. वीस ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून तासभर ठेवावी आणि दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावी. न गाळता कापड टाकले तर भुरे ठिपके पडतात आणि ते शेवटपर्यंत जात नाहीत. गाळलेल्या पाण्यात कापड दोन तास, जमल्यास रात्रभर, बुडवून ठेवावे. मग पिळून, न धुता वाळवावे. त्याला फिकट पिवळट खाकी रंग येतो. भांडे स्टीलचे किंवा न टवकलेले एनॅमलचे हवे. गंजक्या कडीची बादली चालत नाही, कारण हिरडा आणि लोखंड एकत्र आले की शाई होते. जुन्या काळी शाई खरोखरच अशी करत.

मग तुरटी. पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवावी. दोन ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या वाटीत विरघळवून तिच्यात थोडा थोडा ओतावा. फेस येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे. सोड्याने तुरटीची आंबट बाजू उतरते आणि ती सुतावर बरी बसते. या कोमट पाण्यात कापड दोन तास हलवत राहावे किंवा रात्रभर ठेवावे, नंतर वाळवून एक-दोन दिवस तसेच पडू द्यावे. रंगात टाकण्याआधी मात्र ते साध्या पाण्यातून एकदा नीट काढावे. हा टप्पा गाळला की सुटी तुरटी रंगाच्या भांड्यात उतरते, रंग पाण्यातच गोठतो आणि कापडावर नुसता पावडरीसारखा बसतो. हाताला लागणाऱ्या रंगाचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आता मंजिष्ठा. हिच्यात जितके बारकावे आहेत, तितके दुसऱ्या कुठल्या रंगात क्वचितच. हिरडा-तुरटी झालेल्या १०० ग्रॅम कापडाला मुळांची पूड ५० ते १०० ग्रॅम लागते. पूड रात्रभर भिजवावी. दुसऱ्या दिवशी ओले केलेले कापड तिच्यात घालून भांडे अगदी मंद आचेवर ठेवावे, असे की तासाभरात पाणी ६५ ते ७० अंशांवर पोहोचेल. तिथे तासभर धरावे आणि आच बंद करून कापड त्याच पाण्यात थंड होऊ द्यावे. उकळी आली की तपकिरी अंश सुटतात आणि लालाची वीट होते. थर्मामीटर नसेल तर खूण अशी: भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले, वाफ दिसते आहे, पण पाणी हललेले नाही, तिथेच थांबायचे.

पाण्याचाही इथे हात असतो. मंजिष्ठेच्या लालाला पाण्यातला चुना मानवतो. मुंबईचे तलावाचे पाणी मृदू, तर मराठवाड्यातल्या कित्येक बोअरचे पाणी जड. तीच पूड, तेच कापड, तरी मुंबईत नारिंगी आणि तिकडे लाल, असे होऊ शकते. मृदू पाण्यात एक-दोन ग्रॅम चुनखडीची पूड घालून पाहावी आणि दोन्ही तुकडे शेजारी लावावेत. वहीत ‘पाणी: नळाचे’ एवढे लिहून भागत नाही, कुठल्या गावचे नळ तेही लिहावे. आणखी एक अपेक्षाभंग आधीच सांगून ठेवतो. युरोपातल्या मंजिष्ठेत अलिझरीन हे लाल रंगद्रव्य भरपूर असते. आपल्याकडच्या वेलीत रंगाचा भार परप्युरीन आणि मुंजिस्टीन या दुसऱ्या रंगद्रव्यांवर असतो. त्यामुळे परदेशी व्हिडिओतला लाल तंतोतंत आला नाही, तर विद्यार्थ्याचा हात वाईट आहे असे समजू नये.

डाळिंबाची साल नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाची. वाळलेली साल ५० ग्रॅम, तासभर उकळून गाळावी. सालीतच टॅनिन असल्याने हिरडा वगळला तरी चालतो. तुरटीवर ती मोहरीसारखा पिवळा देते. त्याच कापडाचा अर्धा भाग दोन ग्रॅम हिराकस विरघळवलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवला की डोळ्यांदेखत मेंदीसारखा, मग राखाडी होतो. इथे मुलांना मोह आवरत नाही. आणखी काळे हवे म्हणून हिराकस ओतत जातात. कापडाच्या वजनाच्या चार टक्क्यांपुढे जाऊ नये. लोखंड सूत खाते. आज दणकट वाटणारे कापड काही महिन्यांनी घडीवर फाटते. बुडवून झाल्यावर भरपूर पाण्यात धुवावे. मोरचूद आणि क्रोमियमचे क्षार महाविद्यालयाच्या मोरीत आणूच नयेत. रंग नैसर्गिक आणि सांडपाणी विषारी, हा सौदा कोणाच्याच फायद्याचा नाही.

कांद्याची साल तुरटीवर सोनेरी-नारिंगी देते, झटपट देते आणि फुकट मिळते, म्हणून ती सगळ्यांची लाडकी. पण उन्हात ती डाळिंबाइतकी टिकत नाही. पळसाचेही तसेच. हळदीचे तर विचारायलाच नको: तिला तुरटी लागत नाही, कापड क्षणात पिवळेधमक होते, साबण लागला की लाल डाग पडतात (हळदीला खार लागून कुंकू होते, तीच ही किमया) आणि उन्हात दोन-चार दिवसांत उतरते. तरीही हळद टाकून देऊ नका. तिचे काम पुढे येते.

निळीचे शास्त्र वेगळे आहे आणि आधी एक खुलासा करायला हवा, कारण विद्यार्थी फसतात तो इथेच. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ आणि रंगाऱ्याची नीळ या दोन वेगळ्या गोष्टी. किराणा दुकानातल्या डबीने कापड रंगत नाही, फक्त पांढऱ्यावर निळसर झाक येते. रंगाऱ्याची नीळ निळीच्या झुडपाच्या पानांतून काढलेली असते आणि ती पाण्यात मुळीच विरघळत नाही. तिचे क्षपण केले (प्राणवायू जोडण्याच्या उलट क्रिया) तरच ती चुन्यासारख्या अल्कधर्मी पाण्यात उतरते, सुतात शिरते आणि हवेत आल्यावर पुन्हा निळी होऊन आत अडकून बसते. म्हणून तिला हिरडा नको, तुरटी नको. कापड नीट उकळलेले असले म्हणजे झाले.

वर्गात करता येण्याजोगे मिश्रण एक-दोन-तीनचे: दहा ग्रॅम नीळ, वीस ग्रॅम विरलेला (पाण्याने विझलेला) चुना, तीस ग्रॅम फ्रुक्टोज, पाच लिटर पाणी. नीळ आधी थोड्या कोमट पाण्यात खलून शाईसारखी करावी. कोरडी पूड टाकली तर ती तरंगत राहते. पाणी ५० अंशांच्या आसपास ठेवून सगळे एकत्र करावे, हलके ढवळावे आणि तास-दोन तास झाकून ठेवावे. साधले असेल तर वर तांबूस चकाकणारी साय येते आणि साय बाजूला सारली की खालचे पाणी काळ्या चहासारखे पिवळसर दिसते. पाणी निळेच दिसत असेल तर नीळ अजून सुटलेली नाही. थोडे गरम करावे, थोडे फ्रुक्टोज वाढवावे आणि थांबावे. फ्रुक्टोजऐवजी गूळ घालता येतो, पण गुळात मुख्यतः साधी साखर असते आणि ती हे काम करत नाही. त्यातला फ्रुक्टोज-ग्लुकोजचा लहानसा वाटाच उपयोगी पडतो. म्हणून गूळ जास्त लागतो आणि धीरही. दक्षिणेत टाकळ्याचे बी शिजवून निळीचा माठ आंबवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला टाकळा माजलेला असतो. एखाद्या गटाने हा प्रयोग जरूर करावा, मात्र त्याला आठवडा-दीड आठवडा द्यावा आणि वासाची तयारी ठेवावी.

कापड ओले करून, पिळून, बुडबुडा न उठवता माठात सोडावे. तळाच्या गाळाला लावू नये. तीन ते पाच मिनिटांनी अलगद बाहेर काढावे. बाहेर येते तेव्हा ते कच्च्या कैरीसारखे हिरवट असते. दहा-पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोर निळे होते. गडद हवे तर पुन्हा, असे चार-सहा वेळा. एकाच वेळी अर्धा तास बुडवून गडद करायला गेले की वरवर निळा थर बसतो आणि तो मानेला, हाताला लागत राहतो. शेवटी बादलीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून चुना उतरवावा. (व्हिनेगरची खरी जागा ही.) हातमोजे हवेतच, आणि चुन्याचे पाणी डोळ्यांत उडू नये याची काळजी शिक्षकाने घ्यायची आहे.

आता आमच्या पत्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेपासून पुढे कलाशिक्षणात स्थिरचित्र पाठ सोडत नाही, आणि मांडणीत भांड्यामागे कापड असतेच. ते बहुधा चकचकीत सॅटीन असते, नाहीतर कपाटातली वर्षानुवर्षांची तीच पॉलिस्टरची ओढणी. वस्त्ररंगाई एका मजल्यावर आणि स्थिरचित्र दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे मुलाने रंगवलेला मीटरभर मंजिष्ठेचा तुकडा फाइलमध्ये दहा सेंटिमीटरचा नमुना होऊन संपतो. तोच तुकडा ड्रेपरी (मांडणीतले घड्यांचे कापड) म्हणून टांगला, तर रंगाचा सगळ्यात कसून अभ्यास होईल. चित्रकारासारखा तीन-तीन आठवडे एकाच कापडाकडे टक लावून दुसरे कोण बसते?

निळीत सहा वेळा बुडवलेली खादी घ्या. पुढे पितळी तांब्या, दोन कांदे आणि फोडलेले डाळिंब. उजेड एकाच खिडकीतून, शक्यतो उत्तरेकडच्या, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. धुतलेली खादी गळून पडते, घड्या धरत नाही. म्हणून तांदळाच्या पातळ पेजेतून काढून ओलीच टांगावी आणि वाळू द्यावी. घडी मग महिनाभर हलत नाही. तांब्याभोवती आणि चित्रफळ्याच्या पायांभोवती खडूने खूण करावी. झाडूवाल्या मावशींनी मांडणी सरकवली, ही स्थिरचित्राच्या वर्गातली सर्वांत जुनी तक्रार आहे. उजेड सरकत असतो, तेव्हा एका चित्रावर रोज ठरलेले दोनच तास बसावे. फोडलेले डाळिंब दुसऱ्या दिवशी काळवंडते, ते पहिल्याच बैठकीत रंगवून मोकळे व्हावे.

घड्या काढताना कापड कुठे अडकले आहे ते बिंदू आधी शोधावेत. टाचणी, भांड्याची कड, टेबलाचा कोपरा: घड्या तिथून फुटतात आणि दुसऱ्या आधाराकडे धावतात. हे न पाहता नागमोडी रेघा मारल्या की कापडाचा पत्रा होतो. दुसरी चूक उजेडाची. सॅटीनवर उजेडाची धारदार पांढरी रेघ असते. खादीवर ती नसते, उजेड रुंद आणि दबका पसरतो. सवयीने कागदाची पांढरी रेघ राखली की खादी प्लास्टिकची दिसते.

आणि निळीचा रंग एकसारखा नसतो. एकदा बुडवलेला भाग हिरवटाकडे झुकणारा आकाशी, सहा वेळा बुडवलेला भाग लालसराकडे झुकणारा गडद. घडीच्या माथ्यावर, जिथे सूत घासले जाते, तिथे तो उतरलेला असतो. जलरंगात माथ्याला पातळ प्रशियन ब्ल्यू, खोलात अल्ट्रामरीनमध्ये किंचित क्रिमझन, अशी सुरुवात करून पाहावी. ‘इंडिगो’ लिहिलेल्या नळीतून थेट भरू नये. त्या नळीत बहुधा नीळ नसतेच, निळ्या आणि काळ्या रंगद्रव्यांचे मिश्रण असते. सावलीत ते मेल्यासारखे दिसते. मंजिष्ठेच्या कापडाची सावली काळा मिसळून करू नये, लाइट रेडमध्ये अल्ट्रामरीन घालून करावी. शेजारी पांढरी एनॅमलची ताटली ठेवली तर तिच्या कडेवर नारिंगी उजेड चढतो, तांब्याच्या पोटात खालच्या बाजूला कापड उलटे दिसते. हे सारे दिवसाच्या उजेडात ताडावे. पिवळ्या बल्बखाली रंग मिसळून सकाळी पाहिला की हिराकसाचा राखाडी वेगळाच निघतो.

काही मुले मंजिष्ठेचा किंवा डाळिंबाचा काढाच कुंचल्याने कागदावर लावतात. तो कागदात शोषला जातो, वाळल्यावर मळका होतो आणि दमट दिवसांत त्याला बुरशी धरते. कापडाचा रंग पाण्यात विरघळलेला असतो. चित्राच्या रंगाला न विरघळणारी पूड लागते. काढ्याची पूड करण्याची वाट तुरटीतूनच जाते आणि तिला ‘लेक’ म्हणतात. मुलांच्या पेटीत ‘क्रिमझन लेक’ची नळी असते, त्या ‘लेक’चा उगम आपल्या लाखेत आहे, तळ्याशी त्याचा संबंध नाही.

कृती अशी: पंचवीस ग्रॅम मंजिष्ठा एक लिटर पाण्यात ६५ अंशांवर तासभर ठेवून दाट फडक्यातून दोनदा गाळावी. दहा ग्रॅम तुरटी त्यात विरघळवावी. मग कोरड्या, पूड स्वरूपातल्या धुण्याच्या सोड्याचे सव्वातीन ग्रॅम कपभर पाण्यात विरघळवून धार धरावी. स्फटिकरूप सोडा असेल तर त्यात पाण्याचेच वजन निम्म्याहून जास्त असते, तेव्हा तो नऊ ग्रॅमपर्यंत लागतो. दोन्ही पाकिटांवर नाव एकच असल्याने इथे हमखास गोंधळ होतो. फेस जोरात वर येतो, म्हणून पातेले तिप्पट मोठे हवे. रात्रभरात लाल साका तळाशी बसतो. वरचे पाणी अजून गडद लाल असेल तर सोडा कमी पडला. जांभळट झाले असेल तर जास्त झाला. वरचे पाणी ओतून, नवे घालून, असे तीनदा धुवावे, गाळावे आणि सावलीत वाळवावे. धुण्यात कुचराई केली तर वाळल्यावर पुडीवर पांढरे क्षार फुलतात.

हाती येते ती थोडीशीच पूड. काचेवर खलून खलून तिची कचकच गेली पाहिजे. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग गरम पाण्यात भिजवून गाळावा. पूड आणि हे डिंकपाणी साधारण सारखे घेऊन घोटावे, त्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब आणि लवंगतेलाचा एक. वाळलेला पट्टा भेगाळला तर ग्लिसरीन कमी, बोटाला चिकटला तर जास्त, बोटाला रंगच लागला तर डिंक कमी. या रंगाने मंजिष्ठेचेच कापड रंगवावे. मूळ कापड, त्याच मुळांचा लेक आणि बाजारातला क्रिमझन यांचे तीन पट्टे एका ओळीत लावले की लालात किती लाल असतात ते कळते.

आणि आता हळदीचे काम: रंग उन्हात किती टिकतो ते पाहणे. रंगवलेल्या प्रत्येक कापडाची तीन बाय दहा सेंटिमीटरची पट्टी कापून पुठ्ठ्यावर लावावी, तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट झाकावा आणि पुठ्ठा दक्षिणेच्या खिडकीत ठेवावा. कारखान्यात यासाठी एक ते आठ क्रमांकांच्या निळ्या लोकरीच्या प्रमाणित पट्ट्या शेजारी ठेवतात. त्या परवडत नसतील तर एका टोकाला हळदीची पट्टी लावावी आणि दुसऱ्या टोकाला चांगल्या निळीची. हळद उडाली म्हणजे ऊन पुरेसे लागते आहे. निळीच्या जवळपास जो टिकला तो कामाचा. पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनी झाकण उचलून नोंद करावी. पावसाळ्यातले पंधरा दिवस आणि एप्रिलमधले पंधरा दिवस सारखे नाहीत, तेव्हा तारीख लिहावी. लेकच्या पट्ट्यांनाही हीच शिक्षा द्यावी, कारण कापडावर टिकणारा रंग कागदावर तितकाच टिकेल असे नाही.

प्रदर्शनात नमुन्याखाली ‘मंजिष्ठा’ एवढीच चिठ्ठी असते. तिच्यावर कापडाचे वजन, रंगद्रव्याचे वजन, तुरटी-हिरड्याचे प्रमाण, तापमान, पाणी कुठले आणि तारीख एवढे यावे, आणि शेजारी अर्धी झाकलेली पट्टी टांगावी. बिटाचाही नमुना जरूर लावावा, त्याच्या झाकलेल्या पट्टीसकट. परीक्षकांनी गुण देताना ते झाकण उचलून पाहिले तरी पुष्कळ झाले.

संपादक महोदय, आपल्याकडे एकच मागणे. पुढच्या फाल्गुनात पुरवणीत बिटाची कृती छापाल तेव्हा तिच्याखाली ‘अंगासाठी, कापडासाठी नव्हे’ हे तीन शब्द घालावेत. कापडासाठी काही द्यायचेच असेल तर डाळिंबाची साल द्यावी. रस काढणाऱ्या गाड्यावर ती दुपारपर्यंत टोपलीभर साठलेली असते आणि मागितली तर फुकट मिळते.

आपले,
वस्त्ररंगाई आणि चित्रकला शिकवणारे काही शिक्षक